दोस्ती पक्की करायची? मग टोचून घ्या, राजेहो!

ऑगस्टचा पहिला रविवार जवळ आला की सीताबर्डीच्या फुटपाथवर फ्रेंडशिप बँडचे गठ्ठे लागतात. तिकडे पाहूही नका. त्या बँडचा रंग दोन आंघोळीत उतरतो, आणि मग आपली कोणाकोणाशी दोस्ती आहे हे ज्याचं त्यालाच लक्षात ठेवावं लागतं. टॅटू काढून घेतला की ती कटकटच संपते.

आपल्या नागपुरात पोट्ट्यांची दोस्ती आजवर तंबाखू-सुपारीच्या अर्ध्या खर्ऱ्यावर ठरत आली. एकानं पन्नीत घोटायचा, दुसऱ्यानं न विचारता चिमूट उचलायची, झाली दोस्ती. पण अशा दोस्तीचा पुरावा काय? दातांवर राहतो म्हणा, पण तो नेमका कोणाच्या नावाचा, हे डेंटिस्टलाही सांगता येत नाही. तर्रीपोह्याचे पैसे कोणी दिले, परीक्षेच्या आदल्या रात्री नोट्स कोणी पोचवल्या, याचीही कुठं नोंद होत नाही. हातावरची शाई मात्र कोणालाही दाखवता येते, आणि मैत्री ही मुळात तिसऱ्या माणसाला दाखवण्याचीच गोष्ट आहे.

जोडीदार निवडताना सगळ्यात जुना मित्र टाळा. तुमच्या घरी येऊन परस्पर फ्रिज उघडणारा तो इसम "कायले बे?" एवढंच म्हणेल आणि विषय मिटवेल. त्यापेक्षा ओळख जितकी ताजी तितकं बरं. क्लासमध्ये गेल्या महिन्यात शेजारी बसायला लागलेली मैत्रीण लगेच तयार होते, कारण तिनं तुम्हाला चिडलेलं अजून पाहिलेलं नसतं.

डिझाइन अर्धं-अर्धं घ्यावं. एकीच्या मनगटावर "जिथे तू", दुसरीच्या मनगटावर "तिथे मी". दोन हात जोडून फोटो फार छान येतो. पुढं दुसरीला हिंजवडीत नोकरी लागते, तुमच्या हातावर नुसतं "जिथे तू" उरतं, आणि ऑफिसात नवीन आलेला प्रत्येक माणूस विचारतो, "कुठे?"

शब्द नको असतील तर "ट्रायबल" मागा. दुकानदार मोबाइलवर पॉलिनेशियाकडच्या काळ्या वळणांचे नमुने दाखवेल, त्यातलाच एक पसंत करा. हे नागपूर शहर बख्त बुलंद शाह या गोंड राजानं वसवलं, गोंड बायका पिढ्यान् पिढ्या अंगावर गोंदून घेत आल्या, असल्या गोष्टी तिथं काढू नका. इथलं ते गोंदण, प्रशांत महासागरातून आलं की टॅटू. भावातला फरक उगाच नसतो.

मुहूर्त मे महिन्याचा धरा. नवीन टॅटूला दोन-तीन आठवडे ऊन लागू देऊ नका, घाम साचू देऊ नका, असं टॅटूवाला बजावून सांगतो. आपल्याकडं तेव्हा पारा 45 अंशांपर्यंत चढतो, म्हणजे घाम साचू न देणं हे पूर्णवेळ काम झालं. शिवाय स्कूटीवर निघताना तोंडाला स्कार्फ, डोळ्यांवर गॉगल आणि बोटांपासून दंडापर्यंत पांढरे हातमोजे. ज्या टॅटूसाठी एवढं सोसलं, तो मृगाच्या पावसापर्यंत फक्त तुम्हाला आणि आंघोळीच्या बादलीलाच दिसतो.

घरच्यांची काळजी नको. आई "हे काय करून आली वं?" म्हणून दोन दिवस बोलेल, मग बोलणं बंद करेल, म्हणजे तेही आटोपलं. आजीचं अवघड असतं. तिच्या हातावर स्वतःचं तुळशीवृंदावन असतं, हिरवट पडलेलं, सुरकुत्यांत जरा पसरलेलं. मेल्यावर सोबत येतं ते गोंदणच, हे ती लहानपणापासून ऐकत आलेली. ती चष्मा लावून तुमचं मनगट उजेडात धरते आणि विचारते, "हा आठ आडवा कायले काढला?" इन्फिनिटी म्हणजे काय, ते तिला सांगायला बसू नका. तुम्हालाही ते नीट सांगता येणार नाही.

मित्र सैन्यभरतीसाठी पहाटे मैदानावर धावत असेल, तर टॅटू त्याच्या दंडावरच काढा. भरतीत कोपरापासून मनगटापर्यंतची आतली बाजू आणि हाताच्या पंजाची मागची बाजू चालते, दंड सहसा चालत नाही. तो गावातच राहील, तुमच्याजवळ.

या सगळ्यात मला आवडतो तो रक्ताचा नियम. टॅटू काढल्यावर 12 महिने रक्तदान करता येत नाही. म्हणजे ज्याच्यासाठी सुई टोचून घेतली, तोच उद्या ॲक्सिडेंट होऊन दवाखान्यात पडला आणि त्याचा भाऊ रक्तासाठी फोन फिरवत असला, तर तुम्ही मनगट पुढं करून सांगायचं, "देलं असतं रे, पण त्याच्याच नावाचा टॅटू हाय न." रक्त द्यायला मग तोच येतो, ज्यानं "कायले बे?" म्हटलं होतं. असो. तुमची निष्ठा लेखी आहे, त्याची नाही.

भांडण झालं तरी घाबरू नका, शाई तुमच्यासारखी रुसत नाही. कातडीतल्या पेशी ती गिळून जागच्या जागी बसतात, एक मेली की तिच्यातली शाई शेजारची उचलते. लेझरनं काढायला गेलात तर काळा रंग त्यातल्या त्यात लवकर ऐकतो, हिरवा आणि पिवळा हटवादी. दोन सिटिंगमध्ये सहा-आठ आठवडे थांबायचं, सिटिंगं अनेक, आणि खर्च टॅटूच्या कितीतरी पट. जुळायला एक संध्याकाळ पुरली होती, पुसायला वर्ष सहज जातं.

म्हणून शहाण्यानं कव्हर-अप करावं. आडव्या आठाचं फुलपाखरू चांगलं होतं, चष्माही होतो. फक्त तिथं एकटं जाऊ नका, बाहेर बाकड्यावर बसून फार कंटाळा येतो. नव्या मैत्रिणीला सोबत घ्या. जोडीनं काढलं तर टॅटूवाला डिस्काउंटही देतो.