मामांची थाप

गाण्यावर नाचणारा दिव्यांचा डबा मी घरी बनवला. असा तयार मिळतो, हे मला माहीत आहे. आधीच सांगून टाकतो, कारण ज्याला ज्याला दाखवला त्याने पहिलं तेच ऐकवलं.

पुढे दुधी ॲक्रिलिक, आत एलईडी पट्टीचे सात उभे तुकडे, एक मायक्रोफोन आणि आवाजाचे ६३ ते १६,००० हर्ट्झपर्यंत सात वाटे करणारी आयसी, म्हणजे एक छोटी चिप; एकेका वाट्याला पट्टीचा एकेक रकाना. ढोल खालच्या वाट्यात, झांज वरच्या. एवढ्यावर भागलं असतं तर काय हवं होतं! पण मायक्रोफोनमधून निघतात जेमतेम काही मिलिव्होल्ट. ते शंभरपट वाढवले की त्यातला कचरा, म्हणजे नको ती खरखर, तीही शंभरपट वाढते. त्यात पट्टीवरचा एकेक एलईडी पूर्ण पांढरा पेटला की ६० मिलिअँपियरपर्यंत ओढतो. सगळे एकदम पेटले की ५ व्होल्टचा पुरवठा दचकतो, तो दचका मायक्रोफोनच्या तारेत शिरतो, सर्किटला वाटतं आवाज झाला, आणि दिवे पुन्हा पेटतात. खोलीत चिटपाखरू नाही आणि डबा आपल्याच उजेडाला भिऊन लुकलुकतोय.

खरं तर दोघे एका वयाचे. माझ्या डब्यातल्या जातीचा, इलेक्ट्रेट मायक्रोफोन १९६२ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेत जन्मला, आणि अमेरिकन संशोधक निक होलोन्याक यांनी डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी पेटवून दाखवला तोही १९६२ सालीच. एव्हाना एका घरात नांदायला शिकायला हवं होतं. शेवटी मायक्रोफोनला वेगळी चूल मांडून दिली: पुरवठ्यातले दचके गाळायला रेझिस्टर आणि कपॅसिटर, शिवाय ग्राउंडची, म्हणजे वीज परत जायची, स्वतंत्र तार. तेव्हा कुठे गाणं थांबलं की डबा मिट्ट काळा होऊ लागला. अख्ख्या कामात खरी कारागिरी असेल तर ती त्या अंधारात.

आणि बायकोच्या मामांना नेमका तोच दिसला.

"जावईबापू, गेला तुमचा डबा."

"गेला नाही मामा, गाणं संपलं. आवाज नाही म्हणून उजेड नाही."

"मग आपण बोलतोय तो आवाज नाही होय?"

"बोलण्याने पेटू नये अशी मर्यादा ठेवलीय. ठरावीक पातळीच्या वरचाच आवाज धरतो तो."

"म्हणजे आमचं बोलणं यात धरत नाहीत," मामा सगळ्यांकडे बघत म्हणाले. मग पुढे वाकून त्यांनी डब्याला विचारलं, "काय रे, ऐकू येत नाही का?" डबा गप्प. मामांनी घसा खाकरला. खालच्या वाट्याचा एक रकाना जरासा हलला. "धुगधुगी आहे अजून," असं म्हणून त्यांनी बाही सरकवली.

मी "मामा, नको" म्हणेपर्यंत डब्याच्या कुशीत सणसणीत थाप बसली होती. मायक्रोफोन त्याच कुशीला आतून चिकटवलेला. सातही रकाने टोकापर्यंत उसळले.

"लूज काँटॅक्ट!" मामांनी जाहीर केलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या टाळ्यांवर तो नतद्रष्ट डबा आणखी नाचला.

थाप हाही आवाजच असतो, हे मी समजावत राहिलो. कोण ऐकतंय? जुन्या रेडिओला थोबाडण्यात तथ्य होतं, मला मान्य आहे. गंजलेले काँटॅक्ट, तडकलेलं सोल्डर धक्क्याने क्षणभर जुळायचं. पण मी एकेक जोड मल्टिमीटरची पिन लावून, बीप ऐकून तपासलाय. एकही ड्राय सोल्डर, म्हणजे कच्चा जोड, नाही! रात्र रात्र मान मोडून शांतता कमवायची आणि श्रेय घ्यायचं थोबाडणाऱ्याने, हे काही बरोबर नाही. पेटलेलं सगळ्यांना दिसतं. जिथे पेटायला नको तिथे न पेटणं कुणाला दिसत नाही, आणि दाखवायला गेलं की डबा बिघडलाय म्हणतात.

तेव्हापासून घरात जो तो येता-जाता डब्याला एक ठेवून देतो. परवा ॲक्रिलिकला तडा गेला.

बायको म्हणाली, "मामांना फोन लावू का?"