तासाभराचा मिक्स आणि तीन आठवड्यांचा मामा

भाचीच्या वाढदिवसासाठी बारा गाण्यांचा तासाभराचा सलग मिक्स करून देण्याचे मी कोणीही विचारलेले नसताना कबूल केले. एक गाणे संपत आले की दुसरे हलकेच आत आणायचे, एवढेच तर काम, अशी माझी समजूत होती. ती सॉफ्टवेअर निवडायला बसेपर्यंत टिकली.

सुरुवात ऑडॅसिटीपासून केली. २००० सालापासूनचे हे ध्वनिसंपादक सॉफ्टवेअर फुकट आहे, मुक्तस्रोत (म्हणजे मूळ कोड सर्वांना खुला) आहे आणि ध्वनीची लहर पडद्यावर कापडासारखी पसरून देते. मी दोन गाण्यांची टोके एकमेकांवर ठेवून सरळ रेषेत एकाचा आवाज उतरवला व दुसऱ्याचा चढवला, तर मध्यावर संगीताने दम खाल्ला. अशा सरळ फेडमध्ये मध्यावर पातळी सुमारे ३ डेसिबलने खचते आणि त्यावर वक्र फेड हा उपाय असतो, हे कळायला दोन संध्याकाळी गेल्या. मग ठोक्यांची भानगड निघाली. पुढच्या गाण्याशी ठोके जुळावेत म्हणून मिनिटाला १२० ठोक्यांचे गाणे नुसता वेग वाढवून १२८ वर नेले की स्वरही अर्धस्वराहून थोडा अधिक चढतो. माझा भारदस्त गायक कोणीतरी चिमटा काढल्यासारखा गाऊ लागला. स्वर न हलवता वेग बदलण्याची सोय ऑडॅसिटीच्या त्याच मेनूच्या यादीत खाली होती, पण याद्या खालपर्यंत वाचण्याचा माझा स्वभाव नाही.

तेव्हा डीजेंच्याच सॉफ्टवेअरकडे वळलो. तेथे दोन डेक, म्हणजे गाणी वाजवण्याच्या दोन जागा असतात, मध्ये एकावरून दुसऱ्यावर आवाज सरकवणारा क्रॉसफेडर असतो आणि दोन्हींचे ठोके आपोआप जुळवणारे ‘सिंक’ नावाचे बटण असते, जे दाबल्याचे जाणकारांना सांगायचे नसते. हे बटण गाण्याच्या मोजलेल्या बीपीएमवर, म्हणजे मिनिटाला पडणाऱ्या ठोक्यांवर विसंबते, आणि मी आणलेल्या एका सॉफ्टवेअरने ७० ठोक्यांचे संथ गाणे १४० चे ठरवून टाकले. अर्धे की दुप्पट, हा घोळ या मोजणीत नेहमीचाच. दुसऱ्या एकाची चाचणी आवृत्ती सारे काही करू देत होती, फक्त जतन करू देत नव्हती. ही अट मला तीन तासांच्या परिश्रमानंतर वाचायला मिळाली.

एबलटन लाइव्ह आणि रीपर या संगीतनिर्मितीच्या सॉफ्टवेअरांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण मी तेथे थोडकाच वेळ टिकलो. पहिल्यात ‘वॉर्प’ करून गाण्याचे ठोके समान अंतरावरच्या रेषांच्या जाळीवर ताणून बसवता येतात, दुसरे ६० दिवस निर्धास्त वापरून पाहता येते. दोन्ही समर्थ आहेत, पण मला सुईत दोरा ओवायचा होता आणि हाती अख्खी सूतगिरणी आली.

शेवटी मुक्तस्रोतच असलेले, नावाच्या शेवटी तीन एक्स मिरवणारे ‘मिक्स’ (Mixxx) हे डीजे सॉफ्टवेअर घेतले. त्यात मिक्स वाजवत वाजवतच रेकॉर्ड होतो, म्हणजे तासाच्या मिक्सला तास लागतोच. चोपन्नाव्या मिनिटाला माझे कोपर वेगाच्या पट्टीला लागले आणि दोन गाण्यांचे ठोके टांग्याच्या घोड्यासारखे दुडकू लागले. पुन्हा तासभर बसण्याची ताकद नव्हती. म्हणून तेवढाच सांधा वेगळा रेकॉर्ड केला आणि ज्या ऑडॅसिटीला तीन आठवड्यांपूर्वी नाकारले होते, तिच्यातच ठिगळ लावले. डीजे सॉफ्टवेअर वाजवण्यासाठी असते आणि संपादक निस्तरण्यासाठी, हे मला कोणी पहिल्याच दिवशी सांगितले असते तरी मी ऐकले नसतेच.

तयार झालेली, आवाज न दाबता साठवणारी वेव्ह फाईल सुमारे ६३५ मेगाबाइटची निघाली. ३२० केबीपीएसच्या (सेकंदाला ३२० किलोबिटच्या) दाबलेल्या एमपीथ्रीत ती १४४ वर आली आणि एकदाची भाचीच्या फोनमध्ये मावली. तिने दोन मिनिटे मन लावून ऐकले, मग पुढच्या गाण्याचे बटण दाबले. सलग एकच फाईल असल्याने पुढे गाणे नव्हतेच. मिक्स पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.

“मामा,” ती म्हणाली, “ही गाणी मला सुटी सुटी करून देशील का?”