‘हप्ता नाही’ एवढंच सांगून भागणार नाही

बँकांनी ठेवींवरचं व्याज कमी केलं की महाराष्ट्रात ज्येष्ठांच्या कट्ट्यावर एक जुना विषय हमखास निघतो. कोथरूडला दीड कोटीचा फ्लॅट आहे आणि पेन्शन औषधांतच संपते. मुलं बंगळुरूला, नाहीतर परदेशात. मग कुणीतरी म्हणतं, घर बँकेकडे गहाण टाकावं, बँकेने दरमहा पैसे द्यावेत आणि आपण शेवटपर्यंत तिथंच राहावं. दुसरा म्हणतो, आपल्याकडे हे चालायचं नाही, आपली माणसं घर मुलांसाठी राखतात. तिसऱ्याचं ठरलेलं वाक्य असतं, ‘अमेरिकेत बघा.’

मी त्या अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये, बरीच वर्षं राहते. इथे ही सोय, म्हणजे रिव्हर्स मॉर्गेज, आहे आणि तिच्यामुळे पुष्कळांचं म्हातारपण सुसह्य झालं आहे. पण याच सोयीतून सत्तरी-ऐंशीच्या लोकांची घरं लिलावात गेली आहेत, आणि ती का गेली हे तिकडच्या चर्चेत कुणी सांगत नाही. मी रिव्हर्स मॉर्गेजच्या विरोधात नाही. ते ज्या पद्धतीने विकलं जातं, तिच्या विरोधात आहे.

इथला मुख्य प्रकार केंद्र सरकारच्या हमीचा आहे. १९८७ च्या गृहनिर्माण कायद्यातून तो आला आणि १९८९ मध्ये पहिलं कर्ज दिलं गेलं. वयाची ६२ वर्षं पूर्ण हवीत, घर स्वतःच्या राहण्याचं हवं. पैसे एकरकमी, दरमहा किंवा लागतील तसे घेता येतात. कर्जदार वारला, घर विकलं किंवा वर्षभराहून जास्त काळ वृद्धाश्रमात राहावं लागलं, तर कर्ज फेडायचं. तोवर व्याज मुद्दलात चढत राहतं. घराची किंमत कर्जापेक्षा कमी भरली तरी वारसांच्या इतर मालमत्तेला हात लागत नाही, तो तोटा सरकारी विमा सोसतो. त्या विम्यासाठी कर्जदार सुरुवातीलाच घराच्या किमतीच्या २ टक्के मोजतो आणि पुढे दरवर्षी शिल्लक कर्जावर अर्धा टक्का. म्हणजे हे पैसे स्वस्त नाहीत. तरी ज्याला दुसरा आधार नाही, त्याला हा व्यवहार परवडू शकतो.

जाहिरातीतलं सर्वांत मोठं वाक्य असतं, दरमहा हप्ता नाही. ते खरं आहे. पण घरपट्टी भरायची असते, घराचा विमा चालू ठेवायचा असतो, छप्पर गळलं तर दुरुस्त करायचं असतं आणि त्याच घरात राहायचं असतं. यातलं एक चुकलं तरी कर्ज थकलं असं धरलं जातं. न्यू जर्सीत सरासरी घरपट्टी २०२४ मध्ये वर्षाला १० हजार डॉलरच्या पुढे गेली. दर तीन महिन्यांनी तिचं बिल येतं. घराच्या विम्याचे हप्तेही गेल्या काही वर्षांत देशभर वाढले, फ्लोरिडासारख्या वादळी किनाऱ्यावर तर फारच. कर्ज घेताना ७० वर्षांचा असलेला माणूस ८५ चा होतो, तेव्हा कर्जाचे पैसे संपलेले असतात, पण घरपट्टी आणि विमा चालूच असतात.

सरकारी तपासणीतही हेच आलं आहे. कन्झ्युमर फायनान्शियल प्रोटेक्शन ब्युरोने २०१२ मध्ये संसदेला दिलेल्या अहवालात म्हटलं होतं की जवळजवळ दहातल्या एका कर्जदाराचं घर केवळ घरपट्टी आणि विमा थकल्यामुळे जप्तीच्या उंबरठ्यावर आहे. २०१९ मध्ये संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने पुन्हा हिशेब मांडला. संपलेल्या कर्जांपैकी थकबाकीमुळे संपलेल्यांचं प्रमाण २०१४ मध्ये २ टक्के होतं, ते २०१८ मध्ये १८ टक्क्यांवर गेलं होतं. हे लोक जुगार खेळले नव्हते. बहुतेकांची घरपट्टी किंवा विमा राहिला होता, नाहीतर घरात राहत असल्याची अट पुरी झाली नव्हती.

ही राहण्याची अट काय असते, ते मी जवळून पाहिलं. आमच्याच गल्लीत ऐंशी ओलांडलेल्या एक विधवा आजी राहतात. एके दिवशी त्यांनी मला घरी बोलावलं आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर पाकिटांचा गठ्ठा ठेवला. त्यात एक पानभर फॉर्म होता. त्यातला प्रश्न एवढाच की तुम्ही अजून या घरात राहता का, आणि खाली सही व तारखेची जागा. कर्ज देणारी कंपनी तो दरवर्षी पाठवते. सुपरमार्केटच्या कुपनांत तो गेला आणि खणात पडून राहिला. दुसरं पत्र आलं, तेही तिथंच. तिसऱ्या पत्राची भाषा वकिलाची होती. दरम्यान विम्याचा हप्ता वाढला होता, तो भरायचा म्हणून ऑगस्टची घरपट्टी राहिली होती. कंपनीने ती परस्पर भरून कर्जात मिळवली होती आणि आता परत मागत होती. आजी मला पुन्हा पुन्हा एकच सांगत होत्या, ‘मी तर इथेच आहे.’ कंपनीच्या फोनवर प्रत्येक वेळी नवा माणूस यायचा आणि पहिल्यापासून सगळं सांगावं लागायचं. शेवटी सरकारमान्य सल्लागार संस्थेतल्या एका बाईंनी कागद लावून दिले, थकलेल्या रकमेचे हप्ते पाडून घेतले, आणि घर वाचलं. आजींचा मुलगा कॅलिफोर्नियात आहे. त्याला यातलं काही माहीत नव्हतं.

घरपट्टीची थकबाकी किती लांब जाऊ शकते, याचा सगळ्या देशाने पाहिलेला दाखला मिनिॲपोलिसचा आहे. त्यात रिव्हर्स मॉर्गेज नव्हतं. जेराल्डिन टायलर या बाईंच्या फ्लॅटवर मूळ घरपट्टी सुमारे २,३०० डॉलर थकली, दंड-व्याज धरून ती १५ हजारांवर गेली. काउंटीने, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाने, फ्लॅट ४० हजारांना विकला आणि वरचे २५ हजारही स्वतःकडे ठेवले. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की थकबाकीहून जास्त रक्कम सरकारला ठेवता येणार नाही. तेव्हा टायलरबाई ९४ वर्षांच्या होत्या.

दुसरा घाव बायकांवर बसला. कर्जाची रक्कम धाकट्या कर्जदाराच्या वयावर ठरते. वय जास्त तेवढी रक्कम जास्त. म्हणून नवरा ७५ चा आणि बायको ६३ ची असली की बायकोचं नाव कागदांतून वगळण्याचा सल्ला दिला जायचा, कधी थेट घराच्या दस्तातूनही. नवरा गेला की कर्ज देय व्हायचं आणि आयुष्यभर त्या घरात राहिलेल्या बाईला कळायचं की कायद्याच्या लेखी ती तिथं कुणीच नाही. हे प्रकरण कोर्टात गेलं, २०१३ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील कोर्टाने सरकारच्या नियमावर बोट ठेवलं, आणि २०१४ पासूनच्या कर्जांत जोडीदाराला मागे त्याच घरात राहण्याची सोय झाली. पंचवीस वर्षं लागली याला. नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर घर असणं आपल्याकडे अजून किती सर्रास आहे, ते वेगळं सांगायला नको.

आता तिकडचं. भारतात ही योजना २००७-०८ च्या अर्थसंकल्पात चिदंबरम यांनी जाहीर केली आणि नॅशनल हाउसिंग बँकेने त्याच वर्षी मार्गदर्शक तत्त्वं काढली. वय ६० हवं, घर स्वतः कमावलेलं आणि राहतं हवं. २००८ मध्ये प्राप्तिकरातही सूट दिली. पण योजना चालली नाही. याचं कारण सगळे संस्कारात शोधतात. मला ते पटत नाही. माझी आत्या डोंबिवलीला असते, तिने मनाची तयारी करून बँकेत चौकशी केली होती. बँकेने पहिल्यांदा विचारलं, इमारत किती जुनी? इमारतीचं उरलेलं आयुष्य २० वर्षं तरी हवं, अशी अट आहे. मग विचारलं, कन्व्हेयन्स झालंय का? सोसायटीचं कन्व्हेयन्स आजतागायत झालेलं नाही, जमीन अजून बिल्डरच्याच नावावर. त्यात पुनर्विकासाची बोलणी चालू. तिथेच विषय संपला. आत्याने मला फोनवर सांगितलं, ‘अगं, मी घर सोडायला तयार झाले, पण घरच मला सोडेना.’ ठाणे-मुंबईच्या जुन्या सोसायट्यांतले किती म्हातारे याच दारातून परत आले असतील!

शिवाय तिकडे पैसे सहसा जास्तीत जास्त २० वर्षं मिळतात. पासष्टाव्या वर्षी सुरू केलं तर पंच्याऐंशीला बंद. घर सोडावं लागत नाही, पण नेमकी नर्स ठेवायची वेळ येते तेव्हा बँकेचे पैसे थांबतात. आणि अटी इथल्यासारख्याच आहेत. घरपट्टी भरा, विमा ठेवा, दुरुस्ती करा, सलग वर्षभर घर सोडून राहू नका. ही शेवटची अट परदेशात मुलं असलेल्यांनी नीट वाचावी. सुनेच्या बाळंतपणाला आलेले आई-वडील ग्रीन कार्डाच्या नादात इथे वर्ष काढतात. त्यांनी असं कर्ज घेतलं असेल तर तेवढ्याने ते अडचणीत येऊ शकतात.

पण खरं सांगायचं तर महाराष्ट्रातल्या म्हाताऱ्यांच्या घरांना रिव्हर्स मॉर्गेजचा धोका आज नगण्य आहे, कारण ते घेतंच कोण? खरा धोका मुलाच्या धंद्यासाठी घर तारण ठेवण्याचा आहे. वर्तमानपत्रात बँका-वित्त कंपन्यांच्या ताबा नोटिसा छापून येतात, त्या एकदा सावकाश वाचा. कर्जदार मुलगा, सहकर्जदार किंवा जामीनदार वडील आणि आई, तारण म्हणजे त्यांचा फ्लॅट. २००२ च्या सरफेसी कायद्याखाली कर्ज ९० दिवस थकलं की ते बुडीतच्या यादीत जातं, ६० दिवसांची नोटीस निघते, आणि त्यानंतर कोर्टात दावा न लावता बँक तारणाचा ताबा घ्यायला लागते. दाद मागायला कर्जवसुली न्यायाधिकरण आहे, पण बहात्तर वर्षांच्या बाईने तिथवर कसं पोचायचं? न्यू जर्सीत घराची जप्ती कोर्टातूनच होते, तिला पुष्कळ महिने लागतात, आणि त्या काळात मार्ग निघतो. आजींचं घर त्या वेळेमुळेच वाचलं.

रिव्हर्स मॉर्गेजमध्ये पैसे म्हाताऱ्याला मिळतात. मुलाच्या कर्जात त्याला एक रुपया मिळत नाही, आणि जातं मात्र त्याचंच घर. तरी बँकेत सहीच्या वेळी आईला कुणी बाजूला घेऊन विचारत नाही की बाई, तुम्हाला हे कळलंय का. मुलगा शेजारी बसलेला असतो. नाही कसं म्हणणार? कागद इंग्रजीत, सह्यांच्या जागी पेन्सिलीच्या फुल्या.

अमेरिकेकडून एकच गोष्ट न्यायची असेल तर मी ही नेईन. इथे रिव्हर्स मॉर्गेजचा अर्ज पुढे सरकण्याआधी स्वतंत्र सल्लागाराशी बोलणं सक्तीचं आहे. तो सल्लागार कर्ज देणाऱ्याचा माणूस नसतो. बोलणं झाल्याचं प्रमाणपत्र नसेल तर कर्ज नाही. हीच सक्ती भारतात साठीपुढच्या माणसाचं राहतं घर तारण घेणाऱ्या प्रत्येक कर्जाला लावा, कर्ज कुणाच्याही नावावर असो. सल्ला मराठीत, मुलगा-सून खोलीबाहेर, आणि सहीनंतर आठवडाभर माघार घेण्याची मुभा. रिव्हर्स मॉर्गेजच्या कागदांत तीन दिवसांची मुभा आहे, पण सोसायटीचा सेक्रेटरी गाठून चार शब्द विचारायलासुद्धा म्हाताऱ्या माणसाला तीन दिवस पुरत नाहीत.

अर्थात सल्लाही एकदाच मिळतो आणि धोका पंधरा वर्षांनी येतो. म्हणून २०१५ मध्ये इथे आणखी एक बदल झाला. अर्जदाराचं उत्पन्न आणि आधीची घरपट्टी तपासतात, आणि तो पुढे भरू शकेल अशी खात्री नसेल तर कर्जातलीच रक्कम घरपट्टी-विम्यासाठी बाजूला काढून ठेवतात. हातात पैसे कमी येतात, पण बिलं परस्पर भरली जातात. भारतात घरपट्टी इथल्या मानाने किरकोळ आहे. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना ती माफही केली. पण मोठ्या सोसायट्यांचं मेंटेनन्स आणि पुनर्विकासातलं घरभाडं, अनामत, स्थलांतर यांचा हिशेब कर्जाच्या वेळी कोण मांडतो? इमारत पाडली तर ‘राहतं घर’ ही अट कशी पाळायची, हे बँकेने आधी लेखी द्यायला हवं.

परदेशात असलेल्या माझ्यासारख्यांनीही काही करायला हवं. आई-वडिलांच्या नावावर कुठकुठली कर्जं आहेत, ते कुणाला जामीन राहिलेत, दस्तावर आईचं नाव आहे का, हे या दिवाळीच्या फोनवर विचारा. अवघड वाटेल, त्यांना वाटेल की घरावर डोळा आहे. तरी विचारा. सहकर्जदार किंवा जामीनदार असले तर त्यांच्या क्रेडिट रिपोर्टमध्ये ते कर्ज दिसतं आणि वर्षाला एक रिपोर्ट फुकट मिळतो, तो त्यांच्याबरोबर बसून काढा. आत्याच्या शेजारच्या काकांचा असा काढला, तेव्हा भाच्याच्या टेम्पोचं कर्ज सापडलं, तीन हप्ते थकलेलं. पैसे काकांनीच भरले, आणि नंतर जामिनातून नाव काढून घ्यायला त्यांना आठ महिने बँकेच्या फेऱ्या माराव्या लागल्या.