वेस्टमध्ये राहता ना? मग टीम बुलडॉग्जच!

टार्नीट, ट्रुगनिना, पॉइंट कुक, वेरिबी, मेल्टन. मेलबर्नमधली आपली कितीतरी मराठी मंडळी आता शहराच्या या पश्चिम पट्ट्यात स्थायिक झाली आहेत. घरं इथे, मुलांच्या शाळा इथे, गौरी-गणपतीचं हळदीकुंकू इथे. आणि फूटीत कुठली टीम म्हणून विचारलं की उत्तर येतं, "कॉलिंगवूड." का? तर ऑफिसात सगळे कॉलिंगवूडवाले आहेत. नाहीतर "जिलॉन्ग", कारण ते जिंकतात. मला हे अजिबात पटत नाही. बरेच दिवस मनात होतं, आज सविस्तर लिहितेच.

भारतातल्या मित्रमैत्रिणींसाठी आधी थोडक्यात. फूटी म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल. क्रिकेटच्या गोल मैदानावर खेळतात, एका बाजूला १८ खेळाडू, चेंडू लंबगोल, दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून लाथेनं चेंडू गेला की सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला की एक. लाथेनं आलेला चेंडू हवेत स्वच्छ झेलला की 'मार्क', मग कुणी अडवायचं नाही, आरामात किक मारायची. एवढं कळलं की मॅच बघायला बसता येतं. बाकीचं बघता बघता समजतं.

वेस्टर्न बुलडॉग्जचं मूळ नाव फुट्सक्रे. फुट्सक्रे म्हणजे शहराच्या पश्चिमेची कामगार वस्ती: गोदी, कत्तलखाने, दारूगोळ्याचा कारखाना. मोठ्या लीगमध्ये १९२५ साली प्रवेश मिळाला आणि पहिली प्रीमियरशिप, म्हणजे लीगचं विजेतेपद, यायला १९५४ उजाडलं. त्या संघात टेड व्हिटन होता. ज्याला लोक 'मिस्टर फुटबॉल' म्हणत तोच. रिंग रोडनं एअरपोर्टला जाताना मॅरिबिर्नाँग नदीवरचा जो उंच पूल लागतो ना, त्याचं नाव ई. जे. व्हिटन ब्रिज. आपण आठवड्यातून दोनदा त्यावरून जातो आणि तो कोण हे आपल्या मुलांना माहीत नाही. १९९५ मध्ये कॅन्सरनं दृष्टी गेलेली असताना, मुलाला शेजारी घेऊन, गाडीतून एमसीजीला त्यानं शेवटची फेरी मारली. सगळं स्टेडियम उभं राहून रडत होतं. यूट्यूबवर आहे, जरूर बघा. पुढे दोनच महिन्यांत तो गेला. क्लबचं जुनं मैदान आज त्याच्या नावानं ओळखलं जातं, बाहेर त्याचा पुतळा आहे.

पण मी या क्लबच्या प्रेमात पडले ती व्हिटनमुळे नाही. १९८९ मुळे.

त्या वर्षी क्लब कर्जात बुडाला होता. सीझन संपला आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला लीगनं जाहीर केलं की फुट्सक्रे आणि फिट्झरॉय एकत्र करणार. नवा संघ 'फिट्झरॉय बुलडॉग्ज', मैदान पश्चिमेतलं नाही, रंगही वेगळे. सभासदांना कुणी विचारलंसुद्धा नाही. हे सगळं बंद खोलीत ठरलं. पीटर गॉर्डन नावाचा तरुण वकील, जो ॲस्बेस्टॉसनं आजारी पडलेल्या कामगारांचे खटले लढला होता, तो पुढे आला. आयरीन चॅटफिल्ड ही साधी सपोर्टर, तिच्या नावानं कोर्टात अर्ज गेला आणि थोडी मुदत मिळाली. मुदत म्हणजे किती? जेमतेम तीन आठवडे. तेवढ्यात दहा लाखांहून जास्त डॉलर उभे करायचे होते, तेही त्या वस्तीतून, जिथे कारखाने एकामागोमाग एक बंद पडत होते.

आमच्या शेजारी एक माल्टीज आजोबा राहतात. आयुष्य सनशाइनच्या कारखान्यात गेलं. त्यांच्या गराजमध्ये फळीवर एक मायलोचा डबा आहे. झाकणाला सुरीनं पाडलेली फट, आणि डब्याभोवती लाल-निळा क्रेप कागद, आता पार विटलेला. तो डबा घेऊन ते आणि त्यांची बायको शनिवारी सुपरमार्केटच्या दारात उभे राहायचे. मी विचारलं, आजोबा, लोक किती टाकायचे? म्हणाले, "नोटा कमी, नाणी जास्त. पण न टाकता कोणी गेलं नाही." लहान मुलांनी खाऊचे पैसे दिले, पेन्शनवाल्यांनी पेन्शनमधले दिले. वेस्टर्न ओव्हलवर, म्हणजे आताच्या व्हिटन ओव्हलवर, हजारो लोक जमले. पैसे जमले आणि क्लब वाचला.

फिट्झरॉयचं काय झालं? १९९६ मध्ये त्यांचं ब्रिस्बेनमध्ये विलीनीकरण झालं. शंभराहून जास्त वर्षांचा क्लब आपल्या शहरातून उठला. वेळीच लोक उभे राहिले नसते तर आपलंही तेच झालं असतं.

म्हणून मी म्हणते, ही टीम कुठल्या शेठजीची नाही. लोकांनी वर्गणी काढून राखलेली आहे. आपल्याकडे गावकरी वर्गणी काढून देवळाचा जीर्णोद्धार करतात, अगदी तसं. त्या वर्गणीत ग्रीक होते, इटालियन होते, माल्टीज होते, व्हिएतनामी होते. आपल्या आधी या भागात बॅगा घेऊन उतरलेले सगळे होते. मग आता आपण इथे आलो आहोत तर आपण कॉलिंगवूडचं मफलर गळ्यात घालून का फिरायचं?

ख्रिस ग्रँटची गोष्टही सांगायलाच हवी. १९९६ च्या शेवटी पोर्ट ॲडलेडचा नवा संघ लीगमध्ये येत होता. त्यांनी त्याच्यासमोर प्रचंड पैसा ठेवला. तेव्हा एका छोट्या चाहत्यानं त्याला पत्र लिहिलं आणि सोबत २० सेंटचं नाणं पाठवलं, तू थांबावंस म्हणून. ग्रँट थांबला. ३४१ सामने याच क्लबकडून खेळला. पुढच्याच वर्षी ब्राउनलो मेडलसाठी (सीझनच्या सर्वोत्तम खेळाडूचं मेडल) सगळ्यांत जास्त मतं त्यालाच पडली होती, पण एका सामन्याच्या निलंबनामुळे मेडल दुसऱ्याला गेलं. त्याच वर्षी प्रिलिममध्ये, म्हणजे ग्रँड फायनलच्या आधीच्या सामन्यात, ॲडलेडकडून दोन गुणांनी हरलो. मग १९९८, २००८, २००९, २०१० असे प्रिलिमचे पराभव. आजोबांना त्यातला एकेक बॉल आठवतो. ते दु:ख मी त्यांच्याकडून ऐकून घेतलं आहे, इथे उगाळत नाही.

आता २०१६.

सातव्या क्रमांकावरून फायनल्समध्ये, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेरीत, गेलो. सातव्या क्रमांकावरून तोपर्यंत कोणीही प्रीमियरशिप जिंकली नव्हती. कॅप्टन बॉब मर्फी सीझनच्या सुरुवातीलाच गुडघा फाटून बाहेर. पहिली मॅच पर्थला, वेस्ट कोस्टला त्यांच्या घरात ४७ गुणांनी हरवलं. मग सलग तीन वर्षं चॅम्पियन राहिलेल्या हॉथॉर्नला हरवलं. मग सिडनीला जाऊन जीडब्ल्यूएसला (ग्रेटर वेस्टर्न सिडनी) सहा गुणांनी. आणि १ ऑक्टोबरला एमसीजीवर सिडनी स्वान्स, ८९-६७. मधली ६२ वर्षं संपली.

त्या सामन्यातला एक क्षण मी कितीही वेळा बघू शकते. शेवटचा क्वार्टर, सामना अजून कोणाचाही होऊ शकतो. सिडनीच्या लान्स फ्रँकलिनच्या हातात बॉल आला. एवढा ताकदवान माणूस, त्याला मागून आपल्या डेल मॉरिसनं पकडलं. मॉरिस तेव्हा पाठीच्या मणक्याला फ्रॅक्चर असताना खेळत होता, हे नंतर कळलं. बॉल सुटला, घरंगळत आपल्या टॉम बॉइडकडे आला. त्यानं वर बघितलं आणि एवढ्या लांबून किक मारली की समोर कोणी उरलंच नव्हतं. बॉल टप्पे खात खात मधल्या खांबांतून गेला. गोल! माझ्या अंगावर आत्ता लिहितानाही काटा येतोय.

बॉइडबद्दल मला ठाम बोलायचं आहे. १९ वर्षांचा असताना त्याला सात वर्षांच्या मोठ्या करारावर आणलं, वर्षाला साधारण दहा लाख डॉलर, असं पेपरांत आलं होतं. पेपरवाल्यांनी, रेडिओवाल्यांनी त्या पोराला सोलून काढलं. पुढे नैराश्य आलं, झोप उडाली, २०१९ मध्ये कराराची दोन वर्षं बाकी असताना तो खेळातून बाहेर पडला. त्या दोन वर्षांचे पैसेही त्यानं सोडले. आजही कोणीतरी म्हणतंच की पैसे वाया गेले. वाया? ग्रँड फायनलला तीन गोल! ज्या दिवसासाठी लोक ६२ वर्षं थांबले, त्या दिवशी तो सगळ्यांत मोठ्या माणसांत उभा राहिला. माझ्या मते त्या करारातला एकेक डॉलर वसूल झाला. आणि एवढा धिप्पाड खेळाडू उघडपणे म्हणाला, मला बरं वाटत नाही, मला मदत हवी आहे. त्याबद्दल तर आपल्यासारख्या मुलं वाढवणाऱ्यांनी त्याचे आभारच मानायला हवेत.

आणि त्या संघाचा कोच ल्यूक बेव्हरिज. कोचचं मेडल स्टेजवर गळ्यात पडल्या पडल्या त्यानं मर्फीला वर बोलावलं आणि काढून त्याच्या गळ्यात घातलं. जो कॅप्टन खेळू शकला नाही, त्याच्या. त्या एका कृतीसाठी माझ्या मनात या माणसाची जागा कायमची आहे.

पण प्रेम आहे म्हणून डोळे झाकायचे नाहीत. २०१६ नंतर फायनल्समधले विजय फक्त २०२१ मध्ये मिळाले. त्या वर्षी पर्थच्या ग्रँड फायनलला तिसऱ्या क्वार्टरला १९ गुणांनी पुढे होतो आणि शेवटी मेलबर्नकडून ७४ गुणांनी हरलो. बाकी २०१९, २०२०, २०२२, २०२४, दरवेळी पहिल्याच फायनलला गारद. २०२५ मध्ये तर १४ सामने जिंकून नववे आलो. पहिले आठ पुढे जाणार होते. शेवटच्या फेरीत आपल्याच घरी, मार्व्हल स्टेडियमवर, फ्रीमँटलकडून हरलो. दुबळ्या संघांना १०० गुणांनी बदडायचं आणि तगड्या संघासमोर, डाव फिरला की, बचावफळीनं हातपाय गाळायचे, हे मला सहन होत नाही. पुढे सॅम डार्सी आणि नॉटनसारखे उंच फॉरवर्ड आहेत, मधल्या फळीत एड रिचर्ड्स आहे, लिबा (टॉम लिबरटोरे) आहे. गोल करायला माणसांची कमी नाही. कमी आहे ती मागे, उंच फॉरवर्डला एकट्यानं रोखणाऱ्याची. मॉरिस निवृत्त झाल्यापासून ती जागा नीट भरलीच नाही. मला विचाराल तर सगळी ताकद तिथे लावा.

कारण मार्कस बॉन्टेम्पेली कायम राहणार नाही. फूटी बघायला सुरुवात करायची असेल तर चार नंबरच्या जर्सीवर नजर ठेवा, बस. घोळक्यात सगळे खाली वाकून बॉलसाठी झोंबत असतात, हा लांब हात घालून बॉल उचलतो, दोघं अंगावर असतानाही क्षणभर थांबतो, जणू त्याच्याकडे इतरांपेक्षा जास्त वेळ आहे. मग हँडबॉल (मुठीनं मारून दिलेला पास), नाहीतर डाव्या पायाची ती सरळ किक. ब्राउनलोमध्ये दोनदा दुसरा आला, एकदाही मिळालं नाही. असा खेळाडू एका क्लबच्या वाट्याला पिढीत एकदा येतो, आणि त्याच्या नावावर एकच प्रीमियरशिप राहिली तर दोष त्याचा नसेल. क्लब चालवणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं.

वारशाचा भागही मला फार आवडतो. वडील ठरावीक सामने खेळले असतील तर मुलाला त्याच क्लबनं आधी घेण्याचा नियम आहे. टॉम लिबरटोरेचे वडील टोनी, रायली वेस्टचे वडील स्कॉट, सॅम डार्सीचे वडील ल्यूक आणि आजोबासुद्धा इथलेच. घरंदाज मामला आहे सगळा. मुलींच्या संघानं २०१८ ला प्रीमियरशिप जिंकली तीही विसरू नका. त्यांचे सामने व्हिटन ओव्हललाच असतात, वेस्ट फुट्सक्रे स्टेशनवरून चालत जाता येतं, आणि सामना संपल्यावर बार्कली स्ट्रीटवर डोसा खाऊन घरी येता येतं. लहान मुली असतील तर सुरुवात तिथूनच करा.

क्लबलाही माझं एक सांगणं आहे. बॅलरॅटला सामने नेता ते ठीक, तेही पश्चिमेलाच आहे. पण टार्नीट आणि ट्रुगनिनाच्या शाळांमध्ये, देवळांत, गुरुद्वाऱ्यांत, मंडळांत नेमानं या. दिवाळीचा एक फोटो सोशल मीडियावर टाकला की झालं असं नाही. आमची मुलं ऑसकिकला (लहान मुलांचे फूटीचे वर्ग) जातात, बॉल छान पकडतात, पण बारा-तेरा वर्षांची झाली की क्रिकेटकडे वळतात, कारण क्लबचं कोणी त्यांच्यापर्यंत पोचलेलंच नसतं. १९८९ ला ज्यांनी डबे हलवले त्यांची नातवंडं आता लांब लांब राहायला गेली. त्या घरांत आज आम्ही आहोत. पुढची वर्गणी आमच्याकडूनच यायची आहे.

तर ज्यांना पुढच्या होम मॅचला यायचं आहे त्यांनी कमेंटमध्ये नाव टाका. टार्नीटहून व्ही-लाइनच्या ट्रेननं सदर्न क्रॉस स्टेशन, तिथून पुलावरून सरळ मार्व्हल, गाडी नेण्याची गरज नाही. मुलांसाठी मफलर माझ्याकडे जास्तीचे आहेत, लाल-पांढरे-निळे. नियम मी शेजारी बसून समजावून सांगेन. फक्त कॉलिंगवूडवाल्यांनी त्या दिवशी काळं-पांढरं घरी ठेवून यावं, एवढीच विनंती.