माळाला मेंढरांची पावलेही हवीत
नाहीसे झालेले प्राणी परत आणून निसर्ग सावरण्याविषयीच्या आपल्या लेखात अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानामध्ये १९९५ साली पुन्हा सोडलेले लांडगे आणि इंग्लंडमधील केंटच्या जंगलात २०२२ साली आणलेले बायसन (गव्यासारखे मोठे रानटी प्राणी) यांची उदाहरणे वाचली. बायसन झाडांच्या साली सोलून आणि झुडपे तुडवून जमिनीपर्यंत ऊन पोहोचवतात, हे पटले. सोलापूरकरांना मात्र यासाठी बाहेरून प्राणी आणावे लागणार नाहीत. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर काळवीट, खोकड आणि लांडगे आजही आहेत. माळढोक पक्षी जवळजवळ दिसेनासा झाला, याचे दुःख मोठे आहे. धनगरांची मेंढरे पावसाळ्यानंतर ठरावीक दिवस फिरली, की त्यांच्या खुरांनी मातीचा कडक पापुद्रा फुटतो, लेंड्या जमिनीत मिसळतात आणि गवताचे बी रुजते. म्हणूनच आमचे शेतकरी रानात खतासाठी मेंढरे बसवत आले आहेत. वर्षभर मोकाट चराई झाली, तर पवन्या आणि मारवेल ही चाऱ्याची चांगली गवते जाऊन आधी कुसळी हे हलके गवत व पुढे उघडा मुरूमच उरतो. त्यामुळे सरसकट चराईबंदीऐवजी धनगरांशी बोलून माळाचे तुकडे आळीपाळीने राखावेत, मेंढरू लांडग्याने नेल्यास भरपाई वेळेत द्यावी आणि माळावर गिरिपुष्पासारखी परदेशी झाडे लावणे थांबवावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.