मेंढरं म्हणे!

सकाळपासून डोकं फिरलंय. टेबलाभोवती बसून, फासे टाकत, एकेक पात्र होऊन गोष्ट खेळायचे आपले रोलप्लेइंग गेम. ते नव्याने खेळू पाहणाऱ्या एका पोरीने साधं विचारलं, 'डीअँडडीपासून (म्हणजे सगळ्यात प्रसिद्ध 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'पासून) सुरुवात करू का?' त्यावर आपल्यातलेच एक विद्वान म्हणतात, 'ते मेंढरं खेळतात. जरा बरे नियम असलेला गेम शोध.' बिचारी पोस्ट उडवून निघून गेली.

माझा एक मित्र नव्या शहरात गेला तेव्हा तिथे त्याच्या ओळखीचं कुणी नव्हतं. फासे आणि आपल्या चेटकिणीचं कॅरेक्टर शीट (पात्राच्या माहितीचा कागद) घेऊन तो एका परक्या टेबलावर जाऊन बसला. तासाभरात सगळे मिळून गोष्टीतल्या कुठल्याशा तळघरात अडकले होते. नियम समजावण्यात वेळच गेला नाही, सगळ्यांना तेच येत होते. अहो, चार-पाच माणसं एका संध्याकाळी जमवणं हीच तर खरी मारामारी असते! जो गेम सगळ्यांना आधीच येतो, तोच खेळला जातो. डीअँडडीचे कर्ते गायगॅक्स आणि आर्नेसन यांनी 1974 लाच पहिली जागा धरली, विषय संपला.

डीअँडडीची मालक कंपनी हॅस्ब्रोकडे जाहिरातीला पैसा आहे, मान्य. पण 2008 ची चौथी आवृत्ती आठवा. नाव तेच, मालक तेच, नियम तेवढे नवे, तर कितीतरी टेबलं 2009 ला पायझो कंपनीच्या 'पाथफाइंडर' गेमकडे गेली. कारण हाताला बसलेले जुने नियम तिथे होते, आणि इतरांनाही नियम वापरू देणाऱ्या 2000 च्या खुल्या परवान्यामुळे पायझोला ते वापरता आले. जानेवारी 2023 मध्ये कंपनी तोच परवाना आवळायला निघाली, तेव्हा ह्याच मेंढरांनी असा गदारोळ केला की महिना संपायच्या आत तिने माघार घेतली आणि पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली सगळ्यांना मोकळे केले.

जपानमध्ये 'कॉल ऑफ कथुलू' या भयकथांच्या गेमची चलती आहे. माझा मित्र तिथे असता तर चेटकिणीऐवजी एखादा घाबरट प्रोफेसर घेऊन गेला असता, इतकंच.

बरं, डीअँडडीच्या लढाया लांबतात, हे मीही म्हणतो. 'ब्लेड्स इन द डार्क' या दुसऱ्या गेमवर माझा जीव आहे. पण त्या मित्राच्या टेबलावरही तो आला कधी? मंडळी एकमेकांना सरावल्यावर.

पोरी, वाचत असशील तर बेसिक नियम फुकट मिळतात, उतरवून घे. बाकी काही येत नाही असं डीएमला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, बिनधास्त सांग. आणि विद्वान महाशय, तुमचा तो बऱ्या नियमांचा गेम तिच्यासाठी चालवणार आहात ना? मग तारीख टाका खाली.