दोन इंच बर्फाला हसू नका

पुन्हा तेच! अमेरिकेच्या दक्षिणेतल्या आमच्या अटलांटात एक-दोन इंच बर्फाचा अंदाज आला आणि संध्याकाळपर्यंत दुकानातलं दूध, ब्रेड, अंडी साफ. अहो, दोन दिवसांत वितळणाऱ्या बर्फासाठी चार-चार गॅलन दूध कशाला? शेजारच्या आजींना एक कॅन मिळाला नाही, याचा खरंच संताप येतो.

पण त्याहून चीड येते ती उत्तरेकडच्या शिकागो, न्यू जर्सीच्या आपल्याच मंडळींची. "एवढ्याशा बर्फाला घाबरता? आमच्याकडे फूटभर पडतो!" दर हिवाळ्यात हेच ऐकायचं. तुमच्याकडे मीठ टाकणाऱ्या, बर्फ ढकलणाऱ्या गाड्यांचा ताफा असतो. इथे पडलेला बर्फ चाकांखाली वितळतो आणि पुन्हा गोठून रस्त्याची नुसती काच होते. त्यावर गाडी चालवून दाखवा, मग बोला. 28 जानेवारी 2014 आठवतोय का? जेमतेम अडीच इंच बर्फ. भर दुपारी शाळा, ऑफिसं सगळी एकदमच सुटली, हायवे तुंबले, मिठाच्या गाड्याही त्यातच अडकल्या. कितीतरी लोकांनी रात्र गाडीत काढली, हजारो पोरांनी शाळेत, काहींनी तर स्कूलबसमध्ये. कुठल्या आईबापाला यात हसू येईल?

आणि बर्फ नाहीच पडला, की हवामानवाल्यांच्या नावाने शिव्या. तापमान शून्याच्या किंचित वर की खाली, एवढ्यावर इथे पाऊस की बर्फ ते ठरतं! त्यांनी आदल्या दिवशी सावध केलं म्हणून मुलं घरी आहेत. राहू द्या ना घरी.